जुनी डिझेल पिकअप घेताना



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिला आता आणखी एक शेपूट जोडायला हरकत नाही. जुनी गाडी पाहावी घेऊन! मी हे विनोदाने म्हणतो खरा, पण हा विनोद आमच्या घराला एकदा महाग पडला आहे. आजच्या भाषणाची सुरुवात त्या हकिकतीनेच करतो.

सन २०१६ मधली गोष्ट. माझा धाकटा भाऊ निफाड तालुक्यात आमची शेती पाहतो. कांदा लासलगावच्या बाजारात न्यायचा म्हणजे दर खेपेला भाड्याची गाडी शोधायची, तिची वाट पाहायची आणि भाव उतरला तरी भाडे मोजायचे. तेव्हा एक जुनी पिकअप घ्यावी, असे ठरले. थोडे पैसे घरचे, थोडे कर्जाचे. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. त्यामुळे घरच्यांनी मलाच भावाबरोबर धाडले. दादा शिकलेला आहे, तो फसायचा नाही, हा त्यामागचा विश्वास!

आम्ही गेलो तेव्हा गाडी धुऊनपुसून अंगणात उभी होती. मालकाने चावी फिरवली आणि इंजिन तात्काळ सुरू झाले. मी आर.सी. बुक वाचले, विम्याची तारीख पाहिली, किमतीत थोडी घासाघीस केली. बोलताना माझा हात सहज बॉनेटवर पडला होता. बॉनेट चांगले गरम होते. हाताला ते लागले, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही. तिसऱ्या महिन्यात, ऐन विक्रीच्या दिवसांत, इंजिन कामाला आले. गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा त्यात गेला आणि चाळीतला कांदा पुन्हा भाड्याच्या गाडीने न्यावा लागला. इंजिन उघडणाऱ्या मिस्त्रीने मला एकच प्रश्न विचारला, "सर, गाडी बघायला गेलात तेव्हा इंजिन गार होतं का हो?"

त्या प्रश्नातच आजच्या भाषणाचे सार आहे. जुनी डिझेल गाडी पाहायची ती इंजिन थंड असताना. बाकी सारी तपासणी त्याच्या मागून येते. असे का, हे समजायला डिझेल इंजिनाचे मर्म थोडे पाहायला हवे.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियराने १८९७ साली आउग्सबुर्ग शहरी आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, ते निराळ्याच तत्त्वावर. हवा जोराने दाबली की ती तापते, हे ते तत्त्व. शिक्षक मित्रांनी वर्गात हे दाखवायचे झाले तर सायकलचा पंप पुरे. टायरमध्ये भराभर हवा भरा आणि पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा, तो गरम लागतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर जाताना हवा सुमारे पंधरा ते वीस पट आकुंचित करतो. त्यामुळे तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते. अशा तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडाला की तो आपोआप पेट घेतो.

आता पंपाचा वॉशर झिजला तर काय होते? हवा बाजूने निसटते आणि दाब बसत नाही. इंजिनातही तसेच आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा लायनर झिजले, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले, की दाबलेली हवा निसटते, पुरेशी तापत नाही आणि डिझेल पेटायला कुरकुर करते. ही कुरकुर सर्वांत जास्त दिसते ती रात्रभर थंड पडलेल्या इंजिनात. एकदा इंजिन तापले म्हणजे धातू प्रसरण पावून फटी थोड्या बुजतात, आतल्या भिंती गरम असतात, आणि दुखणेकरी इंजिनही धडधाकट असल्यासारखे सुरू होते. आमच्या विक्रेत्याने आम्ही पोचायच्या आधी गाडी तापवून ठेवली होती, ती त्यासाठीच.

तेव्हा पहिला नियम असा. विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगा, "सकाळी येतो, मी आल्याशिवाय गाडी सुरू करू नका." गेल्यावर चहा मागाहून घ्या, आधी बॉनेटवर आणि रेडिएटरवर हात ठेवा. गरम लागले तर भांडण नको. "उद्या पुन्हा येतो," एवढे म्हणून परत फिरा. हेलपाटा पडेल, पण तो इंजिनाच्या खर्चापेक्षा केव्हाही स्वस्तच.

इंजिन थंड आहे तोवर तीन गोष्टी पाहून घ्या.

पहिली, ऑइलची पट्टी. ती ओढून पुसा, पुन्हा घालून काढा. डिझेल इंजिनाचे ऑइल काळे असते, त्याने घाबरू नका. पण ऑइल दुधाळ किंवा तपकिरी फेसासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळते आहे, असे समजा. पातळी वरच्या खुणेच्याही वर असून डिझेलचा वास येत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे. दोन्ही खुणा मोठ्या खर्चाच्या आहेत.

दुसरी, रेडिएटर. त्याचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर उडते, हे विसरू नका. आत रंगीत कूलंट असावे. गंजाचे लाल पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षे नळाचेच पाणी भरले आहे. वर तेलाचा तवंग दिसला तर हेडगॅस्केट गेल्याचा दाट संशय धरावा.

तिसरी, गाडीखालची जमीन. गाडी रात्रभर उभी होती त्या जागी ऑइल, डिझेल, पाणी यांचे डाग पडले आहेत का, ते वाकून पाहा. इंजिन नुकतेच प्रेशरने धुऊन चकचकीत केले असेल तर संशय कमी करू नका, वाढवा. गळतीच्या खुणा धुण्यासाठीही इंजिन धुतात.

आता चावी फिरवा, पण अर्धीच. डॅशबोर्डावर इंजिनच्या बिघाडाचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. दिवा विझत नसेल तर दोष उघड आहे. तो लागतच नसेल तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केला असण्याचा संभव आहे. आपला डॉक्टर नाडी पाहतो, पण नाडीच हातात दिली नाही तर तो काय करणार?

मग इंजिन सुरू करा आणि मागे सायलेन्सरपाशी एका माणसाला उभे करा. धूर हे डिझेल इंजिनाचे बोलणे आहे. थंडीच्या सकाळी सुरुवातीला थोडा पांढरा धूर आला आणि मिनिटा-दोन मिनिटांत गेला तर काळजी नको. तो डोळ्यांना झोंबणारा असून जातच नसेल तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे. दाब कमी आहे किंवा इंजेक्टर बिघडले आहेत. वाफेसारखा असून थांबत नसेल तर पाणी जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर तुंबला असेल तर इलाज स्वस्त, टर्बो किंवा इंजेक्टर असेल तर महाग. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. निळा धूर दिसला की खिशातला हात खिशातच ठेवावा.

यानंतरची परीक्षा मिस्त्री लोक नेहमी करतात. ती आपल्यालाही जमते. इंजिन सुरू असताना वरचे ऑइल भरायचे झाकण सैल करून ते तोंडावर उलटे ठेवून पाहावे. थोडी वाफ आली, झाकण थोडे थरथरले, तर वावगे नाही. पण भकाभका धूर येऊ लागला आणि झाकण नाचून खाली पडू लागले तर दाब पिस्टनच्या बाजूने खाली निसटतो आहे. म्हणजेच आपल्या पंपाचा वॉशर गेला आहे! हे करताना उपरण्याची टोके, सैल बाह्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवा. आम्ही २०१६ साली हे झाकण उघडले असते, तर गरम इंजिनानेही आम्हाला खरे सांगितले असते.

इंजिनानंतर गाडीचा सांगाडा. बैल विकत घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो, आणि मानेखाली हात घालून खांदाही पाहतो. खांदा सुजलेला असेल तर त्याने पेलवेना इतके ओढले आहे, हे कळते. मालवाहू गाडीचा खांदा म्हणजे तिची चेसी आणि मागचे पाटे. पाट्यांचा एक एक थर मोजा. मूळ पाट्यांवर जादा पाटा चढवलेला असेल तर ही गाडी सतत जादा भार वाहत आली आहे. पाटे सपाट झाले असतील, एखादा तुटून वेल्डिंग केला असेल, तर तेच. चेसीखाली बॅटरी घेऊन शिरा. पाट्यांच्या हँगरपाशी आणि हौद्याच्या खालच्या आडव्या पट्ट्यांपाशी तडे किंवा नव्या वेल्डिंगच्या गाठी दिसतात का, पाहा. चेसीवर नुकताच जाड काळा रंग मारला असेल तर तो का मारला, हे विचारा.

गाडीने पूर्वी काय वाहिले, हेही विचारण्यासारखे आहे. भाजीपाल्याची गाडी आणि वाळूची गाडी सारखी नसते. कोकणपट्टीत मासळी वाहिलेल्या गाडीच्या हौद्यातून मिठाचे पाणी वर्षानुवर्षे चेसीवर गळलेले असते; वरचा रंग ताजा असला तरी आतला पत्रा पोखरलेला सापडतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. चांगले लोखंड खणखणीत वाजते, गंजलेले बद्द वाजते. मडके घेताना आपण हेच करतो की नाही?

टायर पाहताना नक्षीबरोबर तारीखही पाहावी. टायरच्या बाजूवर चार आकडे एकत्र छापलेले असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. पुढचा टायर एकाच बाजूने झिजला असेल तर अलाइनमेंट बिघडले आहे, किंवा पुढचा भाग कधीतरी ठोकला आहे. किलोमीटरच्या आकड्यावर मात्र फार भरवसा ठेवू नका. तो मागे नेता येतो. ब्रेकच्या पायट्याचे रबर गुळगुळीत, सीट खचलेली, आणि काटा म्हणतो चाळीस हजार, तर काट्यापेक्षा रबराचे ऐका.

आता गाडी चालवून पाहायची. गावातल्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून भागत नाही. चढ हवा, उतार हवा, आणि जमल्यास हौद्यात थोडा माल हवा. चढावर इंजिन ओढते का आणि तापमानाचा काटा चढतो का, ते पाहा. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडा. गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्स झिजला आहे. वेग वाढवताना क्लचप्लेट घसरली तर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी तेवढी पुढे जात नाही. मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, मागून डिफरन्शियलचा गुंगाट येतो का, हेही ध्यानात घ्या. रेडिओ बंद ठेवा. आकाशवाणीवरून असे सांगायला मला थोडा संकोच वाटतो, पण त्या अर्ध्या तासात कान गाडीकडेच हवेत!

गाडी कोणत्या काळातली आहे, यानेही फरक पडतो. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे धुराचे नियम लागू झाले. स्टेज ६ च्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. अधूनमधून लांबच्या रस्त्यावर चांगल्या वेगाने गाडी चालली की त्यातली काजळी जळून जाते. नुसती शेत ते बाजार अशी छोट्या पल्ल्याची गाडी असेल तर तो तुंबतो, आणि बदलायचा झाला तर खर्च मोठा येतो. कुणी तो काढून टाकला असेल तर ती गाडी कायद्यात बसत नाही. काही मॉडेलांना युरियाचे शुद्ध द्रावणही वेगळ्या टाकीत लागते. ते विकतच घ्यायचे असते, शेतातला युरिया पाण्यात विरघळवून चालत नाही. अशी नवी गाडी घेताना गॅरेजात नेऊन तिला स्कॅनर लावायला सांगा. तिच्या पोटातल्या नोंदी बाहेर येतात.

एवढे सगळे ठीक निघाले, तरी कागदांवाचून गाडी अपुरीच. सात-बारा पाहिल्याशिवाय आपण जमीन घेत नाही. तसेच हे आहे. आर.सी. वरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. चेसी नंबरावर पातळ कागद धरून वर पेन्सिल घासली की ठसा उमटतो. आकडे वेडेवाकडे असतील किंवा भोवतीचे लोखंड घासलेले असेल, तर तेथूनच परत फिरा.

सात-बाऱ्यावर बोजा असतो, तसा आर.सी. वरही बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा चढवलेला असतो. "कर्ज केव्हाच फिटलंय हो," या तोंडी शब्दावर जाऊ नका. कर्ज देणाऱ्या संस्थेचा ना-हरकत दाखला आणि तिच्या सहीचा फॉर्म ३५ हाती आला आणि आर.टी.ओ. च्या दप्तरातून बोजा उतरला, म्हणजेच कर्ज फिटले. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून दंडाची चलने थकली आहेत का, तेही पाहता येते. गावातल्या शिक्षकांनी शेतकऱ्यांना एवढी मदत जरूर करावी. पाच मिनिटांचे काम आहे.

मालवाहू गाडीचे पासिंग, म्हणजे फिटनेसचा दाखला, किती दिवस उरला आहे ते पाहा. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला तो दोन वर्षांचा मिळतो, त्यापुढे दर वर्षी घ्यावा लागतो. विमा, पी.यू.सी. आणि कर भरल्याची पावती यांच्या तारखाही पाहा. मालासह एकूण वजन ३००० किलोच्या वर जाणारी गाडी भाड्याने चालवायची तर परमिट लागते. गाडी परराज्यातली असेल तर तेथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, आल्याशिवाय इसार देऊ नका.

व्यवहार झाला की टीटीचे फॉर्म, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, सही करून घेऊन ट्रंकेत ठेवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ती वाईट आहे. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यायचा असतो. यात विकणाऱ्याचेही हित आहे. अपघात झाला तर दप्तरात ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. गाडी विकून मोकळा झालो, असे समजणारा माणस नाव बदलेपर्यंत मोकळा झालेला नसतो.

शेवटी किमतीविषयी दोन शब्द. सापडलेले दोष कागदावर लिहून काढा. आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून प्रत्येकाचा खर्च विचारा आणि ती बेरीज किमतीतून वजा मागा. टायर, बॅटरी, क्लचप्लेट, पाटे यांचा हिशेब करता येतो. इंजिनाचा दाब, चेसीचा तडा आणि खोटा नंबर या तीन गोष्टींना मात्र हिशेब नाही. तेथे किंमत कमी करून मागू नका, उठून या. मिस्त्रीला बरोबर नेण्याचे पैसे द्यायला कचरू नका, आणि तो मिस्त्री विक्रेत्याने सुचवलेला नसावा.

मला आता वाटते की २०१६ साली आम्हाला विक्रेत्याने जेवढे फसवले, त्याहून अधिक आमच्या घाईने फसवले. कांदा काढणीला आला होता, पैसे खिशात होते आणि समोर गाडी चकाकत होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तिथे माझ्या एम.ए. चा काही उपयोग झाला नाही.

ती गाडी भावाने पुढे सहा वर्षे ओढली. २०२२ साली तो दुसरी पाहायला एकटाच गेला. सकाळी साडेसातला त्याचा फोन आला. म्हणाला, "दादा, गाडी लई भारी दिसतीय. पण बॉनेटवर हात ठेवला, तर गरम लागलं."

मी विचारले, "मग?"

"मग काय? चहासुद्धा घेतला नाही. एसटीत बसलोय."

दोन आठवड्यांनी त्याला तिसऱ्या ठिकाणी थंड इंजिनाची गाडी मिळाली. दिसायला ती साधी आहे, हौद्याला पोचे आहेत, रंगही उडालेला आहे. आमचा कांदा आजही तिच्यातूनच लासलगावला जातो.